चार दिवसांत फिरवलेले धोरण: ब्रिटनच्या 2017 च्या निवडणुकीतील एक प्रकरण

ब्रिटनमधील 2017 च्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्तारूढ हुजूर पक्षाने 18 मे रोजी यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. वृद्धांच्या देखभालीचा खर्च कोणी सोसायचा, याविषयीचा त्यातील सर्वांत धाडसी प्रस्ताव पंतप्रधान थेरेसा मे यांना 22 मे रोजी, म्हणजे चौथ्याच दिवशी, बदलावा लागला. मतदानाला तेव्हा सतरा दिवस उरले होते. जाहीरनाम्यातील आश्वासन सत्तेवर आल्यानंतर बासनात जाणे कोणत्याही देशातील मतदाराला नवे नाही. येथे मात्र प्रचार ऐन भरात असताना, मतपेटीत एकही मत पडण्यापूर्वी, पक्षाने स्वतःचेच धोरण फिरवले. या प्रकरणाचा विचार केवळ प्रचारतंत्रातील चूक म्हणून करणे मला अपुरे वाटते, कारण त्या चार दिवसांची किंमत एका पंतप्रधानांच्या बहुमतापुरती मर्यादित राहिली नाही. इंग्लंडमधील परावलंबी वृद्धांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे अडून राहिला.

पार्श्वभूमी

23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. डेव्हिड कॅमेरून पायउतार झाले आणि 13 जुलै रोजी थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. कॅमेरून यांनी 2015 मध्ये 330 जागा जिंकून मिळवलेले काठावरचे बहुमत त्यांच्या वाट्याला आले. मुदतपूर्व निवडणूक घेणार नाही, असे त्यांनी वारंवार सांगितले होते. 29 मार्च 2017 रोजी युरोपीय संघाला बाहेर पडण्याची औपचारिक नोटीस दिल्यानंतर त्यांचे मत बदलले आणि 18 एप्रिल रोजी 10 डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहून त्यांनी निवडणुकीची घोषणा केली. 2011 च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन तृतीयांश सदस्यांची संमती आवश्यक होती. दुसऱ्याच दिवशी हाउस ऑफ कॉमन्सने 522 विरुद्ध 13 मतांनी ती दिली.

वातावरण त्यांना अनुकूल होते. जनमत चाचण्यांत हुजूर पक्ष मजूर पक्षापेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी पुढे होता. फेब्रुवारीत कोपलँडची पोटनिवडणूक त्याने मजूर पक्षाकडून हिसकावून घेतली होती. सत्तारूढ पक्षाने पोटनिवडणुकीत विरोधकांची जागा जिंकण्याचा असा प्रसंग 1982 नंतर प्रथमच घडला होता. 4 मे रोजीच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाला 500 हून अधिक जागांचा लाभ झाला. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच खासदारांनी वर्षभरापूर्वी अविश्वास व्यक्त केला होता. त्यामुळे हुजूर पक्षाला विजय मिळणार का, असा प्रश्न फारसे कोणी विचारत नव्हते; चर्चा होती ती मताधिक्याच्या आकड्याची.

या आत्मविश्वासातून दोन निर्णय घेतले गेले आणि पुढे ते एकमेकांवर आदळले. संपूर्ण प्रचार पक्षाऐवजी थेरेसा मे या व्यक्तीभोवती उभा करायचा, हा पहिला निर्णय. ‘खंबीर आणि स्थिर नेतृत्व’ हे शब्द त्या जवळपास प्रत्येक भाषणात उच्चारत होत्या. दुसरा निर्णय जाहीरनाम्याविषयीचा होता. विजय हाताशी आहेच, तर पुढील पाच वर्षांत घ्यावे लागणारे कटू निर्णय जाहीरनाम्यातच नोंदवून ठेवावेत, म्हणजे नंतर त्यांना जनादेशाचा आधार राहील, असा हिशेब मांडला गेला. दुसऱ्या निर्णयामागचा हेतू मला प्रामाणिक वाटतो. परंतु कटू निर्णयासाठी लोकांची मने आधी तयार करावी लागतात आणि सात आठवड्यांच्या प्रचारात त्यासाठी अवधी नव्हता. शिवाय सारी भिस्त एका व्यक्तीच्या स्थैर्यावर ठेवल्यावर माघार घ्यावी लागली, तर ती पक्षाची न ठरता त्या व्यक्तीची ठरणार होती.

प्रस्ताव नेमका काय होता

ब्रिटनमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा मोफत उपचार देते. अंघोळ घालणे, कपडे चढवणे, जेवू घालणे, औषधे वेळेवर देणे, रात्री उठून कूस बदलून देणे ही कामे मात्र त्या सेवेत बसत नाहीत. ती ‘सोशल केअर’मध्ये मोडतात. त्यांची जबाबदारी स्थानिक परिषदांकडे असते आणि इंग्लंडमध्ये ही मदत ऐपत पाहून दिली जाते. कर्करोग झालेल्या माणसाचे उपचार सरकार करते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मुख्यतः देखभाल लागते आणि तिचा खर्च बहुतांशी त्याच्या कुटुंबावर पडतो. हा भेद पिढ्यानपिढ्या इंग्लंडमधील घराघरांत खदखदत आलेला आहे.

एका काल्पनिक आजींचा हिशेब मांडून पाहू. त्यांचे घर 2 लाख 20 हजार पौंडांचे आहे, म्हणजे त्या वर्षीच्या ब्रिटनमधील सरासरी किमतीचे. बँकेत 12 हजार पौंड आहेत. पती हयात नाहीत आणि घरात दुसरे कोणी राहत नाही. जुन्या नियमांनुसार त्या स्वतःच्या घरी राहून मदत घेत असतील, तर ऐपत मोजताना घराची किंमत धरली जात नसे. शिल्लक किरकोळ असल्याने पेन्शनमधून द्यावा लागणारा वाटा वगळता खर्च परिषद उचलत असे. त्याच आजी वृद्धसेवागृहात राहायला गेल्या, की घराची किंमत हिशेबात येई आणि मालमत्ता 23 हजार 250 पौंडांच्या खाली उतरेपर्यंत खर्च त्यांनाच करावा लागे.

नव्या प्रस्तावाने दोन्ही ठिकाणी एकच माप लावले. घरी मदत घेणाऱ्यांचेही घर मोजायचे, पण कोणत्याही परिस्थितीत 1 लाख पौंड त्या व्यक्तीकडे शिल्लक राहू द्यायचे आणि हयातीत घर विकायला न लावता मृत्यूनंतर वसुली करायची. सेवागृहातील आजींच्या वारसांना यामुळे काही हजारांऐवजी 1 लाख पौंड मिळाले असते. घरीच राहणाऱ्या आजींच्या वारसांचे मात्र 1 लाख 32 हजार पौंडांपर्यंत नुकसान होऊ शकले असते. गरीब भागांतील, स्वस्त घरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा त्यात लाभ होता आणि तोट्याचा मोठा भाग महाग घरांच्या वाट्याला येत होता. केवळ वाटपाच्या न्यायाने पाहिले, तर हा प्रस्ताव टाकाऊ नव्हता आणि त्याची बाजू मांडता येण्याजोगी होती, असे माझे मत आहे.

उणीव होती ती वरच्या मर्यादेची. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने 2011 मध्ये सांगितले होते, की वयाच्या पासष्टीला पोहोचलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे एकाला पुढील आयुष्यात 1 लाख पौंडांहून अधिक खर्चाला तोंड द्यावे लागते आणि तो एक कोण असेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून एका व्यक्तीने आयुष्यभरात करायच्या खर्चाला 35 हजार पौंडांची मर्यादा घालावी, अशी त्यांची शिफारस होती. 2014 च्या कायद्यात मर्यादेचे तत्त्व स्वीकारले गेले आणि तिचा आकडा 72 हजार पौंड ठरला. हुजूर पक्षाच्या 2015 च्या जाहीरनाम्यातही ती होती, पण निवडणूक आटोपताच अंमलबजावणी 2020 पर्यंत पुढे ढकलली गेली. 2017 च्या जाहीरनाम्याने ही मर्यादाच सोडून दिली आणि आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी प्रकाशनाच्या दिवशी रेडिओवर ते स्पष्टपणे मान्यही केले. त्याच सकाळी डिल्नॉट यांनी आपली निराशा व्यक्त केली. घराला आग लागण्याविरुद्ध विमा काढता येणार नाही आणि आग लागलीच तर तुमचे तुम्ही पाहा, असे सांगण्यासारखे हे आहे, अशा आशयाची त्यांची टीका होती. नुकसानाची भीती सर्वांना आणि नुकसान थोड्यांना, अशी रचना तयार झाली. निवडणुकीत मतांवर परिणाम होतो तो अशा भीतीचाच.

त्याच जाहीरनाम्यात वृद्धांशी संबंधित आणखी दोन गोष्टी होत्या. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी सर्व निवृत्तांना मिळणारे अनुदान यापुढे ऐपत पाहून दिले जाणार होते, पण ती ऐपत कोणत्या आकड्यावर मोजली जाईल हे सांगितलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाला आपलेच अनुदान गेले असे वाटू लागले. पेन्शन दरवर्षी वेतनवाढ, महागाई किंवा अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढे वाढवण्याची हमी होती, तिच्यातील अडीच टक्क्यांची अट 2020 नंतर काढली जाणार होती. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे निवृत्त लोक हा हुजूर पक्षाचा सर्वांत भक्कम आधार. नेमक्या त्यांच्याच घरावर, अनुदानावर आणि पेन्शनवर एका दस्तऐवजाने एकाच दिवशी बोट ठेवले.

18 ते 22 मे

प्रस्तावाला मिळालेले ‘डिमेन्शिया टॅक्स’, म्हणजे स्मृतिभ्रंशावरील कर, हे नाव काही तासांतच सर्वत्र पसरले. अल्झायमर्स सोसायटी ही संस्था कुटुंबांवर पडणाऱ्या भाराचे वर्णन करताना ते पूर्वीपासून वापरत होती, त्यामुळे ते कोणाला नव्याने समजावून सांगावे लागले नाही. मजूर पक्षाने ते उचललेच, पण हुजूर पक्षाच्या बाजूने झुकलेल्या बो ग्रुप या अभ्यासगटानेही प्रस्तावावर कडक शब्दांत हल्ला चढवला. शनिवार-रविवारी मतदारांच्या दारोदार हिंडणाऱ्या हुजूर उमेदवारांना ‘आमचे घर जाणार का?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागले आणि त्यांच्या हातात उत्तर नव्हते, कारण जाहीरनामा मोजक्या माणसांनी गुप्ततेत तयार केला होता. त्याच्या लेखनात मे यांचे निकटचे सल्लागार निक टिमथी आणि मंत्री बेन गमर यांचा प्रमुख सहभाग होता. मंत्रिमंडळातील बहुतेक सहकाऱ्यांनी तो फार उशिरा पाहिला. ज्यांच्याशी आधी चर्चा झाली नाही, त्यांच्याकडून पुढे बचावाची अपेक्षा ठेवता येत नाही. येथे तेच घडले.

रविवारी, 21 मे रोजी, मंत्री डेमियन ग्रीन यांनी दूरचित्रवाणीवर धोरणाचा फेरविचार होणार नाही असे सांगितले. इंटरनेटवर ‘डिमेन्शिया टॅक्स’ असा शोध घेणाऱ्यांना पक्षाची खुलाशाची जाहिरात सर्वांत वर दिसावी, यासाठी गूगलवर पैसे मोजले गेले. विरोधकांनी दिलेल्या नावाचा खुलासा करण्यासाठी ते नाव स्वतःच्याच जाहिरातीत घ्यावे लागणे, ही लढाई कोणाच्या मैदानावर चालली आहे याची उघड कबुली होती.

सोमवारी वेल्समधील रेक्सहॅम येथे, वेल्ससाठीच्या जाहीरनाम्याच्या प्रकाशनात, थेरेसा मे यांनी सांगितले, की या विषयावरील सल्लामसलतीच्या मसुद्यात खर्चाच्या कमाल मर्यादेचाही समावेश असेल. आकडा त्यांनी सांगितला नाही. समोर बसलेल्या पत्रकारांनी हे घूमजाव आहे की नाही, असे पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हा त्या चिडल्या, हात पसरून म्हणाल्या, “काहीही बदललेले नाही, काहीही बदललेले नाही.” पाहणाऱ्या प्रत्येकाला बदल दिसत होता. सात दशके ब्रिटिश निवडणुकांचा अभ्यास करणारे डेव्हिड बटलर यांनी आपण पाहिलेल्या वीस निवडणुकांत एवढ्या मोठ्या प्रमाणावरचे घूमजाव आठवत नाही, असे नोंदवले.

माझ्या मते खरी हानी या वाक्याने केली. मर्यादा घालण्याचा निर्णय योग्यच होता. लोकांचे ऐकले, त्रुटी दिसली, ती दुरुस्त करतो आहोत, असे म्हणणाऱ्या नेत्याला ब्रिटिश मतदार कदाचित स्वीकारतो. मे यांना ते म्हणता आले नाही, कारण त्यांची सारी प्रतिमा न बदलण्यावर उभी केलेली होती आणि बदल कबूल करणे म्हणजे प्रचाराचा पायाच काढून घेणे ठरले असते.

त्याच रात्री मँचेस्टर येथील संगीत कार्यक्रमानंतर झालेल्या बॉम्बहल्ल्यात 22 निरपराध माणसे मारली गेली. त्यांत लहान मुलेही होती. सर्व पक्षांनी प्रचार थांबवला आणि थांबवणेच उचित होते.

परिणाम मोजताना

या एका प्रकरणामुळेच निकाल फिरला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जाहीरनामा येण्यापूर्वीच मजूर पक्ष चढू लागला होता. विद्यापीठांची शुल्के रद्द करणे, रेल्वे पुन्हा सार्वजनिक मालकीत आणणे, 10 हजार पोलिसांची भरती ही त्याची आश्वासने लोकांना आवडली होती. मतदार नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे योगायोगाने 22 मे रोजीच, 6 लाखांहून अधिक अर्ज आले. 3 जूनच्या लंडन ब्रिज हल्ल्यानंतर, मे गृहमंत्री असताना झालेल्या पोलीस कपातीचा मुद्दा पुढे आला. 31 मेच्या केंब्रिज येथील पक्षनेत्यांच्या दूरचित्रवाणी चर्चेला त्या स्वतः गेल्या नाहीत. वडिलांच्या निधनाला दोनच दिवस झालेल्या गृहमंत्री अँबर रड त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. फेसबुकवर हुजूर पक्षाने सुमारे 21 लाख पौंड, तर मजूर पक्षाने सुमारे 5 लाख 77 हजार पौंड खर्च केले. तरीही मजूर पक्षाच्या बाजूचा मजकूर लोक आपण होऊन एकमेकांना पाठवत होते आणि पैसे मोजून तसा प्रसार साधत नाही.

तरीही आकड्यांची दिशा स्पष्ट आहे. 25 मे रोजी प्रसिद्ध झालेल्या युगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत हुजूर पक्षाची आघाडी 43 विरुद्ध 38, म्हणजे 5 टक्क्यांवर आली होती. 31 मे रोजी त्याच संस्थेच्या मतदारसंघनिहाय अंदाजाने त्रिशंकू सभागृहाची शक्यता वर्तवली, तेव्हा अनेकांनी तो उडवून लावला. 8 जूनच्या मतदानात हुजूर पक्षाला 317 आणि मजूर पक्षाला 262 जागा मिळाल्या. बहुमतासाठी 326 लागत होत्या. हुजूर पक्षाची मते सुमारे 42.4 टक्के होती आणि 1983 नंतर त्या पक्षाला एवढा वाटा कधी मिळाला नव्हता, ही बाब अनेकदा विसरली जाते. मजूर पक्षाने 40 टक्के मते घेतल्यामुळे त्या वाट्याचे जागांत रूपांतर झाले नाही. लंडनमधील अतिमहाग केन्सिंग्टन मतदारसंघ हुजूर पक्षाने 20 मतांनी गमावला, कँटरबरी 187 मतांनी. जाहीरनामा लिहिणारे बेन गमर इप्सविचमधून पराभूत झाले.

निक टिमथी आणि फिओना हिल या दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. किमान शिल्लक ठेवण्याच्या तरतुदीसोबत कमाल मर्यादा जाहीरनाम्यात घातली नाही याचा खेद वाटतो, असे टिमथी यांनी राजीनाम्याच्या निवेदनात लिहिले. 26 जून रोजी उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या 10 खासदारांशी करार झाला. उत्तर आयर्लंडसाठी 1 अब्ज पौंडांच्या जादा निधीचा त्यात समावेश होता. त्याच करारात पेन्शनवाढीची तिहेरी हमी आणि हिवाळी अनुदान जसेच्या तसे राहील असेही लेखी दिले गेले. जाहीरनाम्यातील दोन कटू निर्णय अशा रीतीने संपले.

प्रश्न मागे राहिला तो

राजकीय पक्षांनी या प्रश्नाशी केलेला खेळ 2017 पूर्वीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. 2010 मध्ये मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अँडी बर्नहॅम मृत्यूनंतरच्या वसुलीतून राष्ट्रीय वृद्धसेवा उभारण्याचा विचार करत होते. हुजूर पक्षाने तेव्हा थडग्याच्या दगडाचे चित्र असलेले फलक लावून त्याला ‘डेथ टॅक्स’ म्हटले होते. सात वर्षांनी तेच शस्त्र उलटले. दोन्ही वेळा खर्च कोठून आणायचा याची चर्चा बंद पडली आणि ज्यांना रोज सकाळी अंथरुणातून उठवायला कोणीतरी हवे आहे, त्यांचा विषय मागे पडला. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हे.

रेक्सहॅममध्ये ज्याचा उल्लेख झाला तो सल्लामसलतीचा मसुदा मे यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालाच नाही. सप्टेंबर 2021 मध्ये बोरिस जॉन्सन यांनी 86 हजार पौंडांची मर्यादा ऑक्टोबर 2023 पासून लागू करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर 2022 मध्ये ती दोन वर्षे पुढे ढकलणारे अर्थमंत्री होते जेरेमी हंट, म्हणजे 2017 मध्ये ज्यांनी मर्यादा सोडल्याचे रेडिओवर सांगितले होते तेच. दरम्यानच्या काळात सेवागृहांतील मनुष्यबळ परदेशांतून येऊ लागले. त्यांत भारतातून गेलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून त्यांना ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानाचाही अधिकार आहे. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या प्रश्नाशी संबंध दोन्ही बाजूंनी येतो: सेवा देणारे म्हणून आणि तेथेच म्हातारे होणारे म्हणून.

29 जुलै 2024 रोजी मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी खर्चमर्यादेची योजनाच रद्द केली आणि त्याच निवेदनात हिवाळी अनुदान केवळ गरीब निवृत्तांपुरते मर्यादित केले. अनुदानाचा निर्णय सरकारला जून 2025 मध्ये बव्हंशी मागे घ्यावा लागला. खर्चमर्यादा मात्र परत आलेली नाही. वृद्धसेवेच्या सुधारणेसाठी लुईस केसी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्याची घोषणा जानेवारी 2025 मध्ये झाली आणि त्याच्या अंतिम अहवालासाठी 2028 हे वर्ष ठरवण्यात आले.